धुतल्यावर विष जातं का?

नववीला धातू-अधातू शिकवताना पाऱ्याचं उदाहरण घेतलं. द्रव धातू, चकाकतो, गोळी पळते, नेहमीचंच. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, आमचे आजोबा उसाचं बेणं पाऱ्याच्या औषधात बुडवायचे म्हणे. उघड्या हातानं."

मी गडबडलो. पण खरंच होतं ते. लातूरकडच्या जुन्या ऊसवाल्यांना एमिसान म्हटलं की लगेच आठवतं. मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड, बुरशी मारणारा सेंद्रिय पारा. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. 'सेंद्रिय' म्हटलं की पोरांना सेंद्रिय शेती आठवते आणि ती फसतात. इथे त्याचा अर्थ एवढाच, की पारा कार्बनला जोडलेला आहे.

आणि धोका त्या जोडणीतच आहे. थर्मामीटरमधला पारा पोटात गेला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो (त्याची वाफ मात्र घातक). सगळे सेंद्रिय पारे सारखे नाहीत. सगळ्यात वाईट मिथाइल पारा. तो जवळजवळ सगळाच आतड्यातून रक्तात उतरतो, मेंदूत शिरतो, वार ओलांडून गर्भापर्यंत जातो.

१९७१-७२ मध्ये इराकमध्ये पेरणीसाठी असा गहू वाटला गेला. दाणे गुलाबी रंगवलेले, पोत्यांवरचा इशारा स्पॅनिश नि इंग्रजीत. लोकांनी रंग धुऊन काढला आणि रोट्या भाजल्या. रंग गेला, पारा राहिला. कित्येक आठवडे कुणाला काहीच झालं नाही. मग ओठांना-बोटांना मुंग्या, चाल लटपटणं, नजर आक्रसणं. साडेसहा हजार माणसं दवाखान्यात, ४५९ मृत्यू, हा सरकारी आकडा.

हे घरी सांगत होतो. आई भाकरी थापता थापता थांबली. "बहात्तरला पाऊसच नव्हता. पेरायची ज्वारी राहिली होती घरात, पावडर लावलेली. तुझ्या आजीनं दोनदा धुऊन दळली." मी विचारलं, कसली पावडर? "कुणाला ठावं बाबा. पोटाला पाहिजे होतं."

हल्लीच्या बियाण्याला पारा नसतो, पण दुसरी विषं असतातच. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, उरलेलं रंगीत बियाणं घरी कोण धुतं? अकरा हात वर आले. एक जण म्हणाला, "आम्ही कोंबड्यांना टाकतो, सर. धुऊनच."

तास संपेपर्यंत आम्ही एका रिकाम्या सोयाबीनच्या पिशवीवरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचत बसलो.