मांजरपाटाचा त्रिकोण

मीटरभर लांब आणि तितकाच रुंद मांजरपाट घ्यावा. कर्णावर कात्री चालवावी. दोन त्रिकोण हाती येतात, आणि त्यातला एकेक त्रिकोण माणसाच्या जवळजवळ कुठल्याही अवयवाला पुरतो. उघडा ठेवला तर दुखावल्या हाताची झोळी. टोक लांब कडेपाशी आणून दुमडला की रुंद घडी, आणखी एकदा दुमडला की अरुंद. डोकं, डोळा, तळहात, गुडघा, घोटा, प्रत्येकाला त्याची त्याची बांधणी. जखमेत काच रुतली असेल किंवा हाडाचं टोक वर आलं असेल तर हाच त्रिकोण बोटांभोवती गुंडाळून चुंबळ करायची, घागरीखाली बाया करतात तशी, आणि जखमेभोवती ठेवून वरून पट्टी बांधायची. दाब सभोवती पडतो, मधली ठणकती जागा मोकळी राहते.

या कापडावर माझं फार प्रेम आहे. त्याला ना चमक, ना किंमत. धुवावं, वाळवावं, घडी घालून पुन्हा डब्यात ठेवावं. पण माणसाच्या शरीराचा इतक्या बारकाईने विचार केलेलं दुसरं साधं वस्त्र मला माहीत नाही.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत मी वाढले. तिथल्या सभागृहात रविवारी सकाळी प्रथमोपचाराचा वर्ग भरायचा. सतरंज्या अंथरलेल्या, डेटॉलचा वास, खिडकीबाहेर शंटिंगचे आवाज. शिकायला शेडमधले खलाशी, फिटर, बुकिंगवरचे कारकून आणि आम्ही काही शाळकरी मुली. शिकवायला एक निवृत्त गार्ड. आम्ही त्यांना काका म्हणायचो. गार्डाच्या पेटीत लाल-हिरवा झेंडा आणि दिवा असायचा, तसाच प्रथमोपचाराचा डबाही असायचा. आडरानात गाडी थांबली तर पुढचं स्टेशन येईपर्यंत तोच दवाखाना.

काका गाठीपासून सुरुवात करायचे. "उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. बघ, कशी सपाट बसली." ही रीफ नॉट. ओढली तर सुटत नाही, सोडवायची म्हटलं तर सहज सुटते, आणि सपाट असल्यामुळे अंगाला रुतत नाही. गाठ जखमेवर यायची नाही, हाडावर यायची नाही. बांधून झालं की जखमी हाताचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी झालं तर ठीक, नाही तर पट्टी सैल करायची. काका प्रत्येकाची गाठ स्वतः बोट घालून बघायचे. साठीच्या माणसाचं ते जाड, ऑइलने काळवंडलेलं बोट पट्टीखाली किती हळू सरकायचं, ते मला अजून दिसतं.

त्या त्रिकोणाचा इतिहास मी पुढे वाचला. जर्मनीतल्या कील शहरातले लष्करी शल्यविशारद फ्रिडरिश फॉन एस्मार्क यांनी त्याचा प्रसार केला. त्यांच्या पट्टीवर आकृत्याच छापलेल्या असायच्या, कुठल्या जखमेला कसं बांधायचं ते दाखवणाऱ्या. रणांगणावर ना पुस्तक हाती असतं, ना शिक्षक. कापडच शिक्षक झालं. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या वूलविचमध्ये पीटर शेफर्ड नावाच्या लष्करी डॉक्टरांनी सामान्य नागरिकांसाठी वर्ग घेतले. शेफर्ड लगेच आफ्रिकेतल्या झुलू युद्धावर गेले आणि २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवानाच्या लढाईत मारले गेले. त्यांनी पेरलेलं मात्र रुजलं. १८८१ साली एस्मार्क स्वतः लंडनला येऊन असा वर्ग पाहून गेले आणि पुढच्या वर्षी कीलमध्ये त्यांनी तसेच वर्ग सुरू केले. खाणी, कारखाने, रेल्वे, जिथे जिथे यंत्र माणसाच्या अंगावर येत होतं, तिथे तिथे ही विद्या पोचली.

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती एक गोष्ट. डॉक्टरांनी आपल्या ज्ञानातला एक तुकडा कापून लोकांच्या हाती दिला. रक्त थांबवण्यासाठी पदवी लागत नाही, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात हाच विश्वास नियम होऊन बसला. दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी, आणि ती सांभाळायला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला माणूस, कामाच्या सगळ्या वेळात हाकेच्या अंतरावर.

गांधीजींच्या आयुष्यातही हे वर्ग येऊन गेले आहेत. बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीतल्या हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक त्यांनी उभं केलं. अकराशेच्या आसपास माणसं, त्यातली बरीचशी गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर. डॉ. बूथ यांनी त्यांना जखमींची उचल-ठेव शिकवली. स्पियन कॉपच्या लढाईनंतर हे लोक स्ट्रेचर खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत होते. पुढे १९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि लगेच गांधीजी लंडनला पोचले. तिथल्या हिंदी तरुणांना घेऊन ते डॉ. जेम्स कँटली यांच्या वर्गात बसले. सेंट जॉनच्या अभ्यासक्रमाचं पाठ्यपुस्तक लिहिणारे, सन यत्-सेन यांचे गुरू आणि एकदा त्यांना लंडनमधल्या कैदेतून सोडवणारे हे कँटली. सुमारे ऐंशी विद्यार्थी, सहा आठवडे शिक्षण, शेवटी परीक्षा, आणि एक सोडून सगळे उत्तीर्ण. पंचेचाळिशीला टेकलेले गांधीजी बाकावर बसून पट्टीच्या घड्या शिकत आहेत, हे चित्र मला फार जवळचं वाटतं. सेवेची आस त्यांच्यात भरपूर होती. तरी त्यांना शिकावं लागलं.

कारण नुसती कळकळ हाताला पुरत नाही. आपल्या गावांत, वाड्यांत, चाळींत कळकळीला तोटा नाही. कुणी पडलं की दहा माणसं धावतात. पण धावलेला हात काय करतो? बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो, आणि ते पाणी श्वासनळीत जातं. फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा नाही तर चप्पल धरतो, दातांत चमचा घालतो. भाजलेल्यावर टूथपेस्ट थापतो, जिथे वीसेक मिनिटं नळाचं वाहतं पाणी हवं असतं. साप चावला तर दोरी आवळतो, ब्लेड मारतो, जिथे त्या माणसाला हालचाल न करू देता प्रतिविष मिळणाऱ्या दवाखान्यात नेणं एवढंच हवं असतं. यातली प्रत्येक कृती प्रेमाने झालेली असते, आणि प्रेमानेच झाली म्हणून मला तिचं जास्त वाईट वाटतं. एवढा जिव्हाळा वाया जाऊ नये.

म्हणून मला प्रथमोपचाराच्या स्पर्धा पाहायला आवडतात. रेल्वेत त्या होतात, कोळसा खाणींत बचावकार्याच्या जोडीने होतात. बाहेरच्या माणसाला तो नाटकासारखा प्रकार वाटेल. मैदानावर चुन्याची रेघ, गणवेशातला संघ रांगेत, पंचांच्या हाती गुणांचा तक्ता. शिट्टी होते. रेघेपलीकडे एक गँगमन पडला आहे, मांडीतून रक्त, शेजारी तुटलेली तार. संघ धावतो आणि चार पावलं आधी थांबतो. पहिले गुण या थांबण्याला असतात. तार जिवंत आहे का? स्वतः सुरक्षित आहोत का? मदतीला गेलेला दुसरा जखमी झाला तर मदतच संपली. मग नायक वाकून मोठ्याने विचारतो, "दादा, ऐकू येतंय का? मी प्रथमोपचार शिकलोय. मदत करू का?" या प्रश्नालाही गुण आहेत. नाव सांगणं, परवानगी घेणं, अंगाला हात लावण्याआधी काय करतोय ते सांगणं, ऊन येत असेल तर त्याच्या तोंडावर आपली सावली धरणं. एक जण जखमेवर घट्ट दाब देतो, दुसरा गर्दीतल्या एकाकडे बोट दाखवून त्यालाच रुग्णवाहिका बोलवायला सांगतो. "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही, हे त्यांना शिकवलेलं असतं. तिसरा पांघरूण घालतो आणि सतत बोलत राहतो. पंच कागदावर टिक करत जातात.

त्या तक्त्यापुढे मी मनोमन हात जोडते. दिलासा देण्याला गुण असतात, ही कल्पना ज्याच्या मनात पहिल्यांदा आली तो माणूस फार मोठा असला पाहिजे. संकटात माणुसकी आपोआप सुचेल, यावर त्याने भिस्त ठेवली नाही. ती पाठ करून घेतली, पुन्हा पुन्हा करून घेतली, घड्याळ लावून करून घेतली. खरी वेळ येते तेव्हा मन गोठतं, तोंड कोरडं पडतं. तेव्हा हात पाठ केलेलं करतात, आणि जीभसुद्धा पाठ केलेलंच बोलते. "घाबरू नका, मी आहे इथे." पाठ केलेलं असलं तरी ते वाक्य ऐकणाऱ्याला खरंच असतं.

आणि जो पडून राहतो त्याचंही काम मोठं. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, एरिक क्लॅक्स्टन यांनी कॅज्युअल्टीज युनियन नावाची संस्था काढली. तिचे सदस्य जखमी होण्याचं काम करत. रंगाने जखमा रंगवायच्या, वेदना कशी दिसते ते अभ्यासायचं, आणि शिकणाऱ्यांच्या हाती स्वतःला द्यायचं. आमच्या सभागृहात ते काम आम्हा मुलींकडे असे. थंड फरशीवर डोळे मिटून पडायचं, आणि कुणाचे तरी हात आपला मोडलेला नसलेला पाय अतिशय जपून उचलतात. परक्या माणसाच्या जपण्याचा तो स्पर्श एकदा अनुभवला की माणसांवरचा विश्वास सहसा डळमळत नाही. माझा तरी डळमळला नाही.

पुढे पुण्यात आले आणि आषाढीच्या वारीत हीच विद्या वेगळ्या रूपात पाहिली. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला पोचते तेव्हा वारकऱ्यांच्या पायांचे हाल झालेले असतात. फोड आलेले, टाचा फाटलेल्या, पोटऱ्यांत गोळे. रस्त्याच्या कडेला मांडव टाकून स्वयंसेवक बसलेले असतात. कॉलेजची पोरं म्हातारीचा पाय मांडीवर घेतात, पुसतात, पट्टी बांधतात. "माउली, दुखतंय का?" म्हातारी त्यांच्या पाया पडायला बघते, पोरंच तिच्या पाया पडतात. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' या बचाव संस्थेची मुलं सह्याद्रीच्या दरीत उतरून स्ट्रेचर वर आणतात, तेही याच घरातलं. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी पगार देत नाही.

महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा सुरू आहे. सुरुवातीच्या काळात ९३७ रुग्णवाहिका, प्रत्येकीत डॉक्टर, आणि 'पायलट' म्हटले जाणारे चालक. पुण्यातल्या औंधच्या नियंत्रण कक्षात राज्यभरातले फोन येतात. २०१७ साली मुंबईच्या गल्ल्यांसाठी मोटारसायकलवरचे डॉक्टरही आले. या सेवेने किती घरांतले दिवे तेवत ठेवले असतील, या विचाराने ऊर भरून येतो. तरीही घाटात, वस्तीवर, बाजाराच्या गर्दीत सर्वांत वेगवान गाडीलाही पोचायला काही मिनिटं लागणारच. हृदय थांबलेल्या माणसाचा मेंदू तेवढी वाट पाहत नाही. चार-सहा मिनिटांत त्याची हानी सुरू होते. त्या मिनिटांत छातीच्या मध्यावर तळहात ठेवून, कोपर ताठ धरून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या लयीत, पाच सेंटीमीटर खोल दाब देत राहणारं कुणीतरी तिथे आधीच उभं असावं लागतं.

पूर्वी माणसं पोलिसांच्या आणि कोर्टाच्या भीतीने मागे सरायची. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला भरता येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याला करता येत नाही. कायद्याने आपलं काम केलं आहे. आता उरतं ते आपल्या हातांचं.

माझं मागणं एवढंच आहे की दहावी होण्याआधी प्रत्येक मुलामुलीला ती सपाट गाठ आणि ती छातीवरची लय यावी. पोहता येतं, सायकल येते, तसं हेही यावं. गणपती मंडळांनी, महिला मंडळांनी, सोसायट्यांनी वर्षातली रविवारची एक सकाळ त्यासाठी काढावी. ज्याच्यासाठी आपण शिकतो तो कुठे, कधी भेटेल ते आज ठाऊक नसतं. त्याची जात, गाव, भाषा ठाऊक नसते, आणि पट्टी बांधताना ती विचारायची वेळही येत नाही. अनोळखी माणसासाठी आधीपासून तयार राहणं, याहून शहाणं प्रेम मला माहीत नाही. रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं कुणाची तरी जबाबदारी असावीच लागतात. मी जिथे उभी असेन तिथे ती माझी असावीत, आणि तुम्ही जिथे असाल तिथे तुमची.