कमानीचं लोखंड

आईच्या पावशीच्या बुडाशी, पातं लाकडात शिरतं तिथे, अर्ध्या चंद्रासारखी एक खाच होती. पावशी म्हणजे आमच्याकडची विळी. भाजी चिरून झाली, पावशी धुऊन उभी ठेवली, की मी त्या खाचेत करंगळी बसवून बघायचो. खाच गुळगुळीत होती, बरोबर अर्ध्या वर्तुळाची. लोहाराच्या हातून इतकं नेमकं वर्तुळ उतरत नाही. ती कारखान्यात पाडलेल्या एका भोकाची अर्धी बाजू होती, ट्रकच्या पाट्यातल्या सेंटर बोल्टच्या भोकाची. तो पाटा तुटला तेव्हा मी त्याच ट्रकमध्ये, क्लीनरच्या जागेवर बसलो होतो.

बाबा लाकडाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आलापल्लीच्या जंगलातून सागाचे लठ्ठे भरायचे आणि आष्टी, गोंडपिपरी करत बल्लारशाच्या डेपोत उतरवायचे. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. पार सिरोंच्यापर्यंत सगळं चंद्रपूरच, आणि म्हातारी माणसं त्याला अजून चांदाच म्हणायची. कमलापूरकडे हत्ती लठ्ठे ओढायचे. ते बघायला मिळावं म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाबांच्या मागे लागायचो.

गाडीच्या पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा होता. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ पर्यंत, करार होता तोवर, गाड्यांवर तो तारा असायचा. पुढे तिथे इंग्रजी ‘टी’ आला. ताराही गेला आणि करारही संपला, तरी आमच्याकडचे ड्रायव्हर कितीतरी वर्षं टाटाच्या गाडीला मर्सिडीजच म्हणत राहिले.

त्या दिवशी आलापल्लीच्या अलीकडे एका नाल्यात गाडी उतरली आणि पुढून डावीकडे बंदुकीसारखा आवाज झाला. बाबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, पण गाडी डावीकडेच ओढत गेली आणि चढावर थांबली. खाली उतरून बघतो तर मेन पाटा कडीपासून वीतभर अंतरावर तुटलेला आणि डावं चाक मागे सरकून मडगार्डला टेकलेलं.

ज्यांनी ट्रकच्या खाली कधी वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. सर्वांत वर सर्वांत लांब, तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून कड्या केलेल्या असतात, त्यांत बुश आणि पिन. त्याच्याखाली उतरत्या लांबीचे बाकीचे. सगळ्यांच्या मधोमध एक आरपार भोक, त्यात सेंटर बोल्ट. मग दोन यू-बोल्ट घालून ही सगळी थप्पी ॲक्सलला आवळायची. कमानीचं एक टोक चेसीला पक्कं असतं, दुसरं शॅकलमध्ये झुलतं, कारण वजन आलं की कमान सपाट होते आणि सपाट झाली की लांबते. त्या वाढीव लांबीला जायला जागा लागते. पाटे एकमेकांवर घासतात म्हणून धक्काही मुरतो. बैलबंडीत बसून ज्याची हाडं खिळखिळी झाली असतील त्याला कमान काय करते हे वेगळं सांगायला नको.

ती रात्र आम्ही जंगलातच काढली. बाबांनी जॅकखाली सागाची फळी टाकली, चेसी उचलली, ॲक्सल आणि चेसीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा बसवला आणि चाकांमागे दगड लावले. आलापल्लीकडे जाणाऱ्या एका गाडीबरोबर निरोप गेला. सकाळी एसटी आली. तिच्या टपावर सायकली आणि कोंबड्यांच्या खुराड्यांमध्ये एक पाटा बांधलेला होता. आत उस्ताद बसले होते.

उस्तादांचं कमानींचं दुकान बल्लारपूर रस्त्याला होतं. कामानिमित्त ते आलापल्लीला आलेले होते हे आमचं नशीब. त्यांनी हत्यारांना हात लावायच्या आधी तुटलेला तुकडा घेतला, फडक्याने पुसला आणि त्याचं तोंड उन्हाकडे धरलं. मग मला बोलावलं.

“बघ, काय दिसते?”

अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला. त्यात बारीक वाकड्या रेघा, एकाबाहेर एक, कापलेल्या बुंध्यावर वर्षांच्या असतात तशा. उरलेला भाग पांढरा, कणीदार, फोडलेल्या खडीसाखरेसारखा चमकणारा.

“हा आज नाही तुटला गा,” उस्ताद म्हणाले. “पोळ्यापासून तुटून राहिला होता. आज फक्त आवाज झाला.”

बाबा काहीच बोलले नाहीत. मागच्या पोळ्याच्या सुमारास एका खड्ड्यात गाडी आदळली होती, हे त्यांना आठवलं असणार. मला त्या वयात एवढंच कळलं की लोखंडाला झालेली इजा लोखंड लिहून ठेवतं आणि ती वाचणारा माणूस असतो. मला तसा माणूस व्हायचं होतं.

तुटलेला पाटा बाबांनी फेकला नाही. आमच्याकडे तो कुणीच फेकत नाही. गावोगावचे लोहार त्याची वाट बघत असतात. त्यातून कुऱ्हाड होते, विळा होतो, कोयता होतो, कारण हे लोखंड धार धरतं आणि वाकवलं तरी परत उभं राहतं. लोहाराने तो मधल्या भोकावर कापला, कारण तिथे कापायला सर्वांत कमी लोखंड असतं. एका अर्ध्याची आईला पावशी झाली. दुसरं अर्धं त्याने घडणावळीबद्दल ठेवून घेतलं. त्याची कुऱ्हाड झाली असं बाबा सांगायचे. सागाचे लठ्ठे वाहणाऱ्या गाडीचं लोखंड कुणाच्या तरी खांद्यावरून पुन्हा जंगलात गेलं, हे ते मोठ्या समाधानाने सांगायचे.

दहावीनंतर मी उस्तादांकडे शिकायला लागलो. पहिलं वर्ष नुसतं पाटे उचलणं आणि तारेच्या ब्रशने गंज काढणं. मग कान तयार करणं. उस्ताद पाटा तारेने छताला टांगायचे आणि हातोडीने हलकेच मारायचे. चांगला पाटा घंटेसारखा वाजतो, नाद कितीतरी वेळ टिकतो. तडा गेलेला बद्द वाजतो. आई बाजारात मडकं वाजवून घ्यायची, तेच हे. महिन्याभरात मला तडा ऐकू यायला लागला, डोळ्यांना दिसण्याच्या आधी.

बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान चढवणं हे खरं काम. पाटा ऐरणीवर पालथा धरायचा आणि घणाचे घाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटाबोटाच्या अंतरावर, सारख्या जोराने द्यायचे. एक घाव जास्त बसला तर तिथे कोन पडतो, आणि उद्याचा तडा त्या कोनातून निघतो. दुकानाच्या भिंतीवर उस्तादांनी ऑइलपेंटने कमानींच्या रेघा काढून ठेवल्या होत्या, प्रत्येक गाडीची वेगळी. चढवलेला पाटा त्या रेघेला लावून बघायचा. आणि वेल्डिंगला सक्त मनाई. वेल्डिंगच्या आगीने शेजारचं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं, पाटा पुन्हा तुटतो आणि या वेळी न सांगता तुटतो.

मी शिकलो त्या वर्षांत आमचा भाग बदलत होता. ऊर्जानगरचा वीजप्रकल्प सुरू झाला, कोळशाच्या खाणी वाढल्या, सिमेंटचे कारखाने आले. भामरागड-एटापल्लीकडून बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबूच्या गाड्या यायच्याच, त्यांत कोळशाच्या आणि चुनखडीच्या गाड्यांची भर पडली. उस्तादांच्या पश्चात दुकान माझ्याकडे आलं तेव्हा दिवसाला एक ना एक मालक येऊन म्हणायचा, “भाऊ, एक पाटा वाढवून द्या.”

मी वाढवून दिला. खूप वर्षं दिला. मला ते लिहून ठेवलं पाहिजे. जादा पाटा टाकला की गाडी जादा माल सोसते असं वाटतं, पण जादा माल फक्त कमान सोसते. ॲक्सल तोच, ब्रेक तेच, चेसी तीच. पूर्वी जे ओझं कमानीत मुरायचं ते पुढे सरकतं. एके दिवशी एक गाडी टोचन करून आणली. चेसी हँगरच्या मागे चिरली होती. खाली झोपून मी बॅटरीच्या उजेडात त्या चिरेचं तोंड पाहिलं. काळपट भाग मोठा, रेघा दाट, पांढरा भाग नखाएवढा. आणि शेजारच्या कमानीत मी टाकलेला पाटा, धडधाकट, माझ्याच घणाच्या खुणांसकट. कुणाला लागलं नव्हतं. ड्रायव्हर चहा पीत बसला होता, वीस-बाविशीचा पोरगा. त्या दिवसानंतर मी जादा पाटा टाकला नाही. काही गिऱ्हाइकं गेली. जी गेली ती दुसऱ्या दुकानात गेली आणि तिथे त्यांना पाटा मिळाला. म्हणून मला त्यात मोठेपणा वाटत नाही, पण त्यानंतर माझ्या हातचं तसं लोखंड रस्त्यावर गेलं नाही एवढं मी म्हणू शकतो.

आणखी एक पाटा मला विसरता येत नाही. आमच्या भागात गाड्या जाळल्या जायच्या हे महाराष्ट्राला अधूनमधून बातम्यांतून कळायचं. २०१६ च्या डिसेंबरात सूरजागडला माओवाद्यांनी डझनावारी गाड्या एकाच दिवशी जाळल्या. एकदा अशाच जळालेल्या एका ट्रकच्या कमानी भंगारवाल्याकडून माझ्याकडे आल्या. दिसायला धड होत्या. सवयीने मी एक पाटा टांगला आणि हातोडी मारली. तडा नव्हता तरी नाद निघाला नाही. आगीत पोलादाचं पाणी उतरलं होतं. वाकवला तसा तो वाकून राहिला, परत आला नाही. ज्याने ती गाडी कर्ज काढून घेतली असेल त्याचा विचार करत मी बराच वेळ तो पाटा हातात धरून बसलो होतो. लोहारालाही तो तसाच दिला नाही. त्याला सांगून दिला, की पाणी नव्याने चढवावं लागेल.

गेल्या काही वर्षांत दुकानात जुन्या गाड्या कमी येतात. नव्या गाड्यांत पाटे थोडे आणि जाड असतात, इंजिनाला काय झालं ते संगणक सांगतो. त्यात वाईट काही नाही. नव्या गाडीत ड्रायव्हरची पाठ वाचते आणि धूर कमी होतो, हे मी रोज बघतो. २०२१ मध्ये केंद्राचं वाहन मोडीत काढण्याचं धोरण आलं, पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची पासिंगची फी वाढली, आणि पुष्कळ गाड्या भंगारात गेल्या. काही जायलाच हव्या होत्या.

पण सिंदेवाहीकडचे एक गुरुजी आले. त्यांच्या वडिलांची टाटा १२१० घरामागे मोहाच्या झाडाखाली वीस वर्षं उभी होती. ती पुन्हा चालवायची होती. धानाच्या दिवसांत स्वतःच्या शेतातला माल गिरणीपर्यंत न्यायचा, एवढंच काम. मी बघायला गेलो. सायलेन्सरमध्ये गांधीलमाश्यांचं घर, केबिनच्या सागवानी चौकटीला वाळवी नाही, फाळके मात्र गेलेले. १२१० या आकड्यातच गाडीची पत्रिका असते. बारा टन मालासकट वजन आणि शंभराच्या आसपास घोड्यांची ताकद. इंजिन ६९२, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचं बोअर. गुरुजींना हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी ते खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.

इंजिन जाम होतं. हेड उतरवून सिलिंडरांत डिझेल भरून ठेवलं आणि रोज सकाळी टॉमीने फ्लायव्हीलला जरासा धक्का दिला. सहाव्या दिवशी ते केसभर हललं. लायनर बदलावे लागले, डिझेल पंप नागपूरला पाठवला. ब्रेकचं सगळं नवं टाकलं, त्यात काटकसर केली नाही. कमानी मात्र मी कुणाला हात लावू दिल्या नाहीत. पाटे गंजून एकजीव झाले होते. ते सुटे केले, घासले, एकेक टांगून वाजवला. तीन बद्द निघाले. त्यांच्या जागी तेवढ्याच जाडीचे पाटे शोधून आणले आणि सगळ्यांना कमान चढवली. भिंतीवर १२१० ची रेघ अजून आहे. चुना मारताना मी दर वेळी ती सोडून मारतो. ती रेघ उस्तादांच्या हातची आहे आणि तिच्यावर माझ्या हातचा पाटा बरोबर बसला, तेव्हा मी मुलाला हाक मारून दाखवलं. पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस भरलं, सेंटर बोल्ट नवे घातले, यू-बोल्ट आवळले.

पासिंग दुसऱ्या खेपेला झालं. गाडी न्यायला गुरुजी आले तेव्हा त्यांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली, की नव्याने बांधलेली कमान मालाखाली बसते, यू-बोल्ट सैल पडतात, आणि सैल यू-बोल्टमुळेच पाटा मधल्या भोकावर तुटतो. तीन-चारशे किलोमीटर झाले की गाडी आणा, भरलेली आणा.

ते दिवाळीनंतर आले. पाठीमागे धानाची पोती, काचेवर धूळ, टपावर पेंढ्याच्या काड्या. गाडी दुकानासमोरच्या खड्ड्यातून आली तेव्हा कमानी कुरकुरल्या, चारही बाजूंनी सारख्याच. मी पाना घेऊन खाली शिरलो. नट पाव फेरा घेत होते. मागच्या उजव्याने थोडा जास्त घेतला.