‘सैराट’ नव्हे, जातीय खून म्हणा

२०१६ साली ‘सैराट’ आला आणि बातमीदारांना आयता मथळा मिळाला. आंतरजातीय जोडप्यावर हल्ला झाला की आम्ही ‘सैराट’च वाचतो. ज्या चित्रपटाने जातीची क्रूरता दाखवली, त्याच्याच नावाआड जात लपते. ‘ऑनर किलिंग’ म्हणजे तर मारेकऱ्याचीच कैफियत. खुनात कसली आली प्रतिष्ठा?

खर्ड्यात २०१४ साली आमचा सतरा वर्षांचा पोरगा सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारला गेला. साक्षीदार फितूर झाले. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. पहिल्या दिवशीचे कॅमेरे निकालापर्यंत टिकत नाहीत.

जात मोडायला आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले. हे खून त्या उपायावरचेच हल्ले आहेत. म्हणून मित्रांनो, मथळा विसरा, खटला धरा. साक्षीदाराच्या पाठीशी आपणच उभे राहू.

जय भीम!