गुजरीतील तबकड्या

स्वस्त वस्तू हाती लागल्याचा आनंद हा पैसे वाचल्याचा आनंद नव्हे. पैसेच वाचवायचे असते, तर मनुष्य घरी स्वस्थ बसला असता. जगाला जे ओळखता आले नाही ते आपण ओळखले, हा त्या आनंदाचा गाभा होय. आणि त्यात चिमूटभर अहंकारही मिसळलेला असतो. आम्हांस हा आनंद जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांनी दिला, आणि त्याबरोबर एक प्रश्नही पदरात टाकला.

बदलीच्या फेऱ्यात आमचे बिऱ्हाड चामराजपेटेत पडले. 1892 मध्ये आखलेली आणि चामराजेंद्र वडेयर यांचे नाव धारण करणारी ही पेठ मोठी सुसंस्कृत. येथे कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे. फोर्ट हायस्कूलच्या पटांगणावर 1939 पासून चालत आलेला रामनवमीचा संगीतोत्सव आहे. परंतु रविवारी सकाळी आमचे पाय या थोर स्थळांकडे न वळता कृष्णराजेंद्र मार्केट ओलांडून जुन्या शहरात शिरतात. बंद दुकानांच्या पायऱ्यांपुढे तेथे जुना बाजार मांडलेला असतो. मोडकी घड्याळे, पितळी कुलुपे, एका पायाचे बूट, आणि त्यांच्या आडोशाला गोणपाटावर रचलेल्या तबकड्या.

असल्या मोडीच्या मालाला कन्नडात 'गुजरी' म्हणतात. कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची पेठ! तोच शब्द एका गावी सोने तोलतो आणि दुसऱ्या गावी भंगार. आम्हांस या योगायोगात मोठा अर्थ दिसतो.

तबकडी पारखण्याचे एक लहानसे शास्त्र आहे. ती प्रथम उन्हात तिरपी धरावी. चरे काळेभोर चमकले तर बरे. राखेसारखे करडे दिसले तर पोलादी सुयांनी तिचे गाणे खरवडून नेले असे समजावे. मग बोटाच्या पेराने हलकेच टिचकी द्यावी. अखंड तबकडी स्वच्छ वाजते, तडा गेलेली बद्द. मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असते. रानातल्या झाडांवर किडे जी लाख तयार करतात, तिच्यात भुकटी कालवून डमडमच्या कारखान्यात या तबकड्या दाबल्या जात. म्हणूनच ती स्पिरिटने कधी पुसू नये. लाख स्पिरिटात विरघळते आणि धुळीबरोबर गाणेही जाते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. तेवढ्यात रागाचे दर्शन घडवून गवई मोकळा होई.

हे शास्त्र कोणासही आठ दिवसांत येईल. आमच्या शेजारी गुडघे टेकून बसणाऱ्या तरुण मंडळींस ते उत्तम येते. ती जाझ शोधतात, फंक शोधतात, क्वचित एखादा जमैकाच्या डान्सहॉलची तबकडी मिळेल या आशेने सगळा ढीग उपसतो. त्यांच्यामुळे लाँगप्ले तबकड्यांचे भाव चढले आहेत. 78 च्या तबकड्या मात्र तशाच पडून असतात; पुष्कळ नव्या यंत्रांवर तो वेगच नसतो, आणि असला तरी त्या रुंद चऱ्यांना जाड सुई लागते. त्यातही मराठी गठ्ठा सर्वांत तळाशी. "मराठी कोई पूछता नै, सार," असे म्हणून विक्रेता तो आमच्याकडे सरकवतो. भाव विचारला की तो तबकडीकडे नव्हे, आमच्या तोंडाकडे पाहतो.

या गठ्ठ्यात उपयोगी पडते ते शास्त्र नव्हे, ओळख. लेबलावरची अक्षरे वाचता येऊन भागत नाही. नावामागचा माणूस ठाऊक असावा लागतो. 'गांधारी' असे नाव छापलेली एक तबकडी आम्हांस अशीच मिळाली. या गांधारी म्हणजे गंगूबाई हनगल. 1930 च्या दशकातील त्यांच्या आरंभीच्या तबकड्या या नावाने निघाल्या. लता मंगेशकरांच्या बरोबरीने 'चितळकर' असे छापलेले दिसले, तर ते आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र. आणि जाझच्या ढिगात 'चिक चॉकलेट' हे गमतीदार नाव आले, तर अमेरिकेकडे पाहण्याचे कारण नाही. ते गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईत ट्रंपेट वाजवणारा हा गृहस्थ सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (1951) या चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. जाझ शोधणारा तरुण आणि मराठी शोधणारे आम्ही, दोघांचे हात अशा वेळी एकाच तबकडीवर पडतात.

आता प्रश्न असा, की हे गुपित विक्रेत्यास सांगावे की नाही? व्यवहारचतुर मित्र म्हणतात, मुळीच नाही. त्याचे अज्ञान हेच तुमचे भांडवल. आम्ही मात्र पैसे दिल्यावर लेबलावर बोट ठेवून सांगतो. गांधारीची तबकडी घेतली त्या दिवशी सांगितले, "भाई, या हुबळीच्या गंगूबाई." तो चमकला. "म्हणजे आमच्याच की!" असे म्हणून त्याने ती पुन्हा हातात घेतली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि मग परत दिली. पुढल्या रविवारी मराठी गठ्ठा गोणपाटावरून लाकडी पेटीत गेला होता, आणि भाव दुप्पट झाला होता.

मित्र आम्हांस हसले. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या वस्तूस भाव नाही तिला कोणी जपत नाही. स्वस्त तबकडीवर जड पेटी ठेवली जाते, पावसात तिच्यावर ताडपत्री पडत नाही, आणि लाख तर काचेसारखी फुटते. दुप्पट भावाने आमचे चार पैसे गेले, पण पेटीवर झाकण आले. शिवाय कन्नड गठ्ठ्यापुढे आम्हीही त्या विक्रेत्याइतकेच अडाणी आहोत. तेथे तो आम्हांस थांबवून एखादे नाव सांगतो, तेव्हा त्याचेही काही बुडत नाही.

या तबकड्या गुजरीत कोठून येतात, हेही हळूहळू उमगले. काहींच्या लिफाफ्यांवर शाईने मराठी आडनावे आहेत, एकीवर 'चि. सौ.' अशी आशीर्वादाची ओळ आहे. आपल्यासारखीच कोणी मंडळी नोकरीनिमित्त येथे आली आणि राहिली. त्यांच्या मागे मुलांना यंत्र ठाऊक नाही, नावे ठाऊक नाहीत, आणि घर आवरताना पेटी वजनावर गेली. मुलांस दोष देण्यात अर्थ नाही. न सांगितलेले नाव त्यांस कळावे कसे?

म्हणून परगावी राहणाऱ्या आमच्या वाचकांस एक विनंती आहे. घरात जुन्या तबकड्यांची पेटी असेल, तर पुढल्या बदलीपूर्वी एक दुपार तिच्यासाठी काढावी. प्रत्येक लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहावे: गाणारे कोण, कोठले, आणि आपल्या घरी ही तबकडी कोणी आणली. जमल्यास मुलांस कळेल अशा लिपीतही लिहावे. इतके करूनही ती कधी गुजरीत गेलीच, तर आमच्यासारख्या कोणास तिच्यासाठी चार पैसे अधिक मोजावे लागतील. ते आम्ही आनंदाने मोजू.