अडलेला खण

आमच्या जालन्याच्या घरीं वडिलांचें एक सागवानी मेज आहे. त्याच्या डाव्या खणांत हैदराबाद संस्थानच्या अमदानींतले शेताचे उर्दू कागद आणि वडिलांनीं आईस लिहिलेलीं पत्रें आहेत. उन्हाळ्यांत हा खण सहज निघतो. श्रावणांत मात्र तो दोन्ही हातांनीं ओढूनहि हलत नाहीं.

गेल्या श्रावणांत आईनें तीं पत्रें वाचावयास मागितलीं. बिजागरीला तेल चालतें, मग खणाला कां चालूं नये, असा विचार करून मीं फटींतून गोडें तेल सोडलें. खण चार बोटें पुढें आला आणि पुनः अडला. आठवड्यानें तो निघाला, तेव्हां तेल झिरपून सर्वांत खालच्या पत्रापर्यंत पोंचलें होतें. कागद पारदर्शक होऊन दोन्ही बाजूंचीं अक्षरें एकमेकांत मिसळलीं होतीं. आई रागावली नाहीं. रागावती तर बरें झालें असतें.

मग सुतारमिस्त्रीस बोलाविलें. तो म्हणाला, “मालक, लाकडानं आधीच पाणी पिलंय; वर तेल कशाला पाजलं?”

त्याचें म्हणणें खरें होतें. दमट हवेंत फळी रुंदीनें फुगते. लांबीनें जवळजवळ मुळींच नाहीं. तेल लाकडांत मुरतें, पुढें चिकट होतें आणि धूळ धरतें. साबण गुळगुळीत खरा, पण तो स्वतःच ओलावा ओढतो. पेन्सिलीचें शिसें कपडे काळे करतें; शंखजिऱ्याची पूड लवकर झडते. मेण मात्र लावावें तेथेंच राहतें. मधमाशांचें मेण सुमारें ६३ अंश सेल्सिअसला वितळतें. तेव्हां आमच्या वैशाखाचेंहि त्यास भय नाहीं.

रंधा मात्र त्यानें लावला नाहीं. “आत्ता तासलं तर उन्हाळ्यात खण खडखड वाजंल,” असें सांगून तो दिवाळीनंतर आला. खण सुकला होता. घासून चकाकलेल्या जागा पाहून तेवढ्याच त्यानें काचकागदानें हलक्या घासल्या, भुसा पुसला, आणि खणाच्या खालच्या कडांना व ज्या पट्ट्यांवरून तो सरकतो त्यांना मेण चोळलें. ज्यांच्या घरीं असें मेज असेल, त्यांनीं हाच क्रम धरावा. घरांत मेण नसेल तर मेणबत्तीचा तुकडाहि चालतो.

यंदाच्या श्रावणांत आईनें एका हातानें खण ओढला आणि तें डागाळलेलें पत्र वाचलें. त्यांतल्या पुसट ओळी तिला पाठ आहेत. मला त्या आतां वाचतां येत नाहींत, आणि त्यांत काय होतें तें तिला विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाहीं.