नांव आणि ठिकाण

कोणतीही वस्तु बिघडली म्हणजे दोष प्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीच्या माथीं मारावयाचा, हा मनुष्यस्वभावच आहे. घरचें इंटरनेट अडलें कीं आपण तारेकडे पाहतों, राउटरच्या पेटीकडे पाहतों, आणि आकाशांत ढग असल्यास त्यांसही सोडीत नाहीं. परंतु कधीं कधीं तार व पेटी दोन्ही शाबूत असून बिघाड नांवांत असतो. तो कसा शोधावा, हें विद्यार्थिमित्रांस सांगावें म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणक एकमेकांस नांवांनीं नव्हे, आंकड्यांनीं ओळखतात. आपण संकेतस्थळाचें नांव लिहिलें कीं आपला संगणक प्रथम एका नामसूचीस त्याचा आंकडा विचारतो व मग तिकडे जातो. या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनीं ती १९८३ सालीं मांडली. तत्पूर्वीं सर्व नांवें एकाच यादींत असत. आतां ही सूची जगभर वांटलेली आहे. आमच्या देसाईगंजचें रेल्वे स्थानक वडसा या नांवानें ओळखलें जातें. तशीं एका ठिकाणास दोन नांवें या सूचींतही चालतात. २०१४ पासून तर ‘.भारत’ अशीं देवनागरी नांवेंही घेतां येऊं लागलीं.

गेल्या पावसाळ्यांत चंद्रपुरास आमच्या घरीं विचित्र प्रकार सुरू झाला. एक पान चटकन् उघडे, दुसरें उघडतच नसे, आणि पांच मिनिटांनीं तेंच उघडे. आमच्या पुतणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता व मुदत दोन दिवसांनीं संपत होती. कोणी म्हणाले, नवी पेटी घ्या; कोणी म्हणाले, तार बदला. परंतु एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली: आधींच सुरू झालेलें चलच्चित्र अखंड चाले, नवें पान मात्र अडे.

पर्लकोटेस पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद होते. मग घराचा पत्ता ठाऊक असूनही उपयोग नसतो. पण वाट मोकळी असून पत्ता सांगणाराच गप्प बसला, तरी पाहुणा पोहोंचत नाहीं. आमचा बिघाड या दुसऱ्या जातीचा दिसला.

मग आम्हीं एकेक गोष्ट वेगळी करून पाहिली. ‘पिंग’ या आज्ञेनें ८.८.८.८ या आंकड्यास हांक मारली; प्रत्येक हांकेस उत्तर आलें. म्हणजे वाट मोकळी होती. वाय-फाय सोडून संगणक तारेनें पेटीस जोडला; त्रास तसाच राहिला. नंतर ‘एनएसलुकअप’नें नामसूचीस एकच नांव दहा वेळां विचारलें; चार वेळां उत्तर आलें नाहीं. पेटींत सेवा देणाऱ्या कंपनीच्या दोन सूचींचे आंकडे होते. प्रत्येकीस वेगळें विचारतां पहिली बोले, दुसरी सदैव मुकी! पेटी कधीं हिला विचारी, कधीं तिला. म्हणून हा लपंडाव.

आम्हीं पेटींत क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ व गूगलची ८.८.८.८ या सूची लिहिल्या आणि यंत्रें एकदां बंद करून सुरू केलीं. कारण संगणक मिळालेलें उत्तर कांहीं काळ स्मरणांत ठेवतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तरी जुना नकाशा बाळगणारास तें गांव चंद्रपूर जिल्ह्यांतच दिसत राहिलें. तसेंच हें. त्याच सायंकाळीं पुतणीनें अर्ज भरला. कंपनीस आम्हीं वेळांसह टिपण पाठविलें, हेंही येथें सांगणें अवश्य आहे. कारण तीच मुकी सूची शेजाऱ्यांच्याही पेट्यांत असणार.

पालकांस एक सूचना. कोणीही सांगितलेला आंकडा पेटींत भरूं नये. पत्ता सांगणाराच लबाड असेल, तर तो पैशाच्या व्यवहारांत आपणांस भलत्याच दारीं नेऊन उभें करील.

मुलांनो, यंत्र अडलें तर त्यास थापटी मारूं नका आणि वडिलांची पिशवीही लगेच मोकळी करूं नका. काय चालतें आणि काय चालत नाहीं, हें कागदावर लिहा, व एका वेळीं एकच गोष्ट बदला. ज्यास हें साधलें, त्यास गणितांतील चूक शोधणेंही जड जाणार नाहीं.