फुले नसतानाचे कास



मार्चअखेरची धावपळ संपली, अहवाल रवाना झाले आणि चैत्राच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवसांची रजा मिळाली. घरी म्हटले, "चला, कासला जाऊन येऊ."

"अहो, कासची फुले भाद्रपदात असतात. आता तिथे काय, खडक बघायचा?"

"खडकच बघू," मी म्हणालो. भाकरी, झुणका आणि पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घालून आम्ही सकाळची सातारा-बामणोली एसटी धरली.

यवतेश्वरचा घाट चढला की उजव्या हाताला खोल खाली कण्हेर धरणाचे पाणी दिसते. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर कास. उंची सुमारे १२०० मीटर. उतरताच गार वारा अंगाला लागला आणि वर्षभराचा शीण निम्मा तिथेच गेला.

पावसाळ्यानंतर इथे माणसांची रीघ असते. आज कोणी नव्हते. दूरवर तपकिरी जांभा खडक, त्यावर वाळके गवत. कडेच्या झाडीत मात्र वसंत आला होता. अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडल्या होत्या, त्यावर मधमाश्यांचा गुंजारव. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झाल्या होत्या. आम्ही वाटेने सावकाश चालत राहिलो. घाई कसलीच नव्हती.

गुरे घेऊन निघालेले एक म्हातारबाबा थांबले. "पावणं, चुकलासा जणू. फुलं आता न्हाईत."

"माहीत आहे बाबा. सडा बघायला आलोय."

ते हसले. "सडा झोपलाय आता. मिरगानंतर उठंल."

म्हातारबाबांनी एका वाक्यात वनस्पतिशास्त्र सांगितले. जांभ्यावर मातीचा थर कुठे चार बोटे, कुठे दोनच. त्यातच तेरड्याचे बी आणि वायतुऱ्याचे कंद पावसाची वाट पाहत पडून असतात. वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे. या मातीत नत्र इतके कमी, की 'सीतेची आसवे' ही इवलीशी वनस्पती बारीक जीव पकडून आपली गरज भागवते. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हे पठार आहे.

रस्त्याच्या कडेची माती थोडी ढासळली होती. तिथे सौभाग्यवतींना एक लहानसा कंद उघडा पडलेला दिसला. त्यांनी तो उचलला नाही. पायाने माती सारून झाकला आणि पुढे निघाल्या.

दक्षिणेच्या कडेला आलो आणि खाली कास तलाव दिसला. चहूबाजूंनी गर्द झाडी, मधे शांत निळे पाणी. इथले पाणी उताराने सातारा शहराला जाते. पावसाळ्यात सडा पाणी झेलतो, खळग्यांत धरतो, भेगांतून मुरवतो. त्याचा वाटा खालच्या झाडीला आणि झऱ्यांना मिळतो. झाडाखाली भाकरी सोडली, पण मला एक जुनी गोष्ट आठवून घास उतरेना.

नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या तालुक्यात होतो. तिथे एका गावाच्या डोक्यावर असाच लहान सडा होता. एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, वरची माती नुसती पडून हाय. खाचरात आणून टाकू का?" मी पाहणी केली, कागदावर 'पडीक' लिहिले आणि "टाका" म्हणालो. दोन उन्हाळे घमेल्याघमेल्याने माती उतरली. खाचर काही वर्षे बरे पिकले. वर मात्र उघडा खडक राहिला. पाणी मुरेना, पडले की वाहून जाई. होळीपर्यंत टिकणारा खालचा झरा संक्रांतीलाच आटू लागला. पुढे त्या घरी गेलो तेव्हा माउली म्हणाली, "पाणी लांबनं आणलंय साहेब, पण च्या घ्या." तिने बोल लावला नाही. तो चहा मला अजून आठवतो.

पदवी घेताना मातीचे थर शिकलो होतो. चार बोटे मातीची किंमत मात्र त्या झऱ्याने शिकवली.

निवृत्तीला आता थोडी वर्षे उरली आहेत. येत्या पावसाळ्याआधी त्या गावी जाणार आहे. ग्रामसभेत माझी चूक सांगेन, आणि उरलेल्या सड्याची माती हलवू नका, तिथे वणवा लावू नका, अशी विनंती करीन.

तुमच्या गावालाही सडा किंवा माळ असेल. त्याला पडीक म्हणण्याआधी एकदा चैत्रात आणि एकदा भाद्रपदात घरच्यांना घेऊन तिथे हिंडून या. भाकरी बरोबर न्या. पाय मात्र वाटेवरच ठेवा.

परतीच्या एसटीला वेळ होता. रस्त्याच्या कडेला बसलो असता घरातून विचारणा झाली, "भाद्रपदात पुन्हा यायचे ना?"

"आधी त्या गावाला," मी म्हणालो.

"मग मीही येते."